रात्री दहानंतरचा डीजे फक्त झोप नाही, मुलांचा अभ्यासही नेतोय

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

परीक्षा आणि लग्नसराई आपल्या इंदूरात दर वर्षी बरोबरच येतात. संक्रांत झाली की मुहूर्त सुरू आणि फेब्रुवारीत बोर्डाचे पेपर सुरू, मग अक्षय तृतीयेच्या आसपास लग्नांची दुसरी लाट आणि मे च्या सुरुवातीला मेडिकल प्रवेशाची नीट परीक्षा. पूर्वी मॅरेज गार्डन म्हणजे बायपासला किंवा रिंग रोडला असायची, आता ती कॉलन्यांच्या अगदी पोटात आलीत, एका भिंतीपलीकडे डीजे आणि अलीकडे कोणाचा तरी मुलगा दहावीचं गणित घेऊन बसलेला. यावर पेपरात पत्रं येतच असतात की झोप होत नाही, म्हाताऱ्या माणसांना धडधडतं, आणि उत्तरही ठरलेलं असतं की अहो लग्न काय रोज होतं का, एक रात्र सहन करा. मला ती तक्रार परत करायची नाहीये. माझं म्हणणं असं आहे की मुलांची नुसती झोप जात नाहीये, त्यांनी दिवसभर मान मोडून केलेला अभ्यास जातोय, अगदी शब्दशः जातोय. मी सगळी नोकरी बायोलॉजी शिकवण्यात काढली, मेंदूत आठवण कशी पक्की होते हा माझा फार आवडीचा विषय, तोच नीट समजावून सांगावा म्हणून पत्र जरा लांबणार आहे, कृपया जागा द्यावी.

आमच्या वरच्या खोलीत बुऱ्हाणपूरची एक मुलगी भाड्याने राहते, नीटची तयारी करते. वडिलांची केळीची शेती, कोचिंगची फी कशी भरली ते त्यांनाच माहीत. मागच्या सीझनला आमच्या मागच्या गार्डनमध्ये लग्न होतं. बारात यायलाच दहा वाजून गेले, त्यानंतर जो डीजे सुरू झाला त्याने खिडकीच्या काचा एका सुरात झणझण करायला लागल्या, स्टँडवरची ताटं एकमेकांवर आपटत होती, आणि जमिनीतून जी धमक येते ना ती तर उशीवर डोकं ठेवलं की दातांपर्यंत जाणवते. मुलीने कानात कापूस घातला, वर ओढणी गुंडाळली. साडेबाराच्या पुढे कधीतरी थांबलं. सकाळी ती चहाला खाली आली आणि रडवेली होऊन म्हणाली, "काकू, काल दहा वाजेपर्यंत अख्खी क्रेब्स सायकल पाठ केली होती हो मी, तुम्हालाच तर म्हणून दाखवली, आणि आता बघा, सक्सिनेटच्या पुढे काही येतच नाहीये." मी म्हटलं अगं राहू दे, पुन्हा वाचली की येईल. क्रेब्स सायकल म्हणजे पेशीत अन्नातून ऊर्जा निघताना होणाऱ्या रासायनिक क्रियांची साखळी, सक्सिनेट हा तिच्यातला एक टप्पा. पण तिचं खरंच होतं, मी स्वतः ऐकली होती, एकही चूक नव्हती. एका मुलीच्या एका रात्रीवरून काही सिद्ध होत नाही हे मला कळतं, पण असं का होऊ शकतं हे मात्र विज्ञानाला चांगलं माहीत आहे.

आपल्या सगळ्यांच्या डोक्यात असं असतं की वाचलं, समजलं, पाठ झालं म्हणजे ते मेंदूत जाऊन बसलं. तसं नसतं. पाठ होणं ही सुरुवात आहे, पक्कं होणं हे काम त्यानंतर चालतं, तासनतास, आणि त्यातला मोठा भाग आपण झोपलेले असताना. विरजण लावल्यासारखं आहे ते, दूध कोमट करून विरजण घालायला दोन मिनिटं लागतात पण दही लागतं रात्रभरात, आणि रात्रभर कोणी भांडं हलवत राहिलं तर सकाळी हातात पाणीच येतं.

ही काही आजची गोष्ट नाही. जर्मनीतल्या ग्योटिंगेनला म्युलर आणि पिल्झेकर या दोघांनी १९०० साली यावर मोठं काम छापलं. लोकांना काहीही अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायला लावायची, मग लगेच दुसरी यादी पाठ करायला लावायची, तर पहिली यादी बिघडायची, आणि मध्ये थोडा वेळ शांत बसू दिलं तर ती चांगली टिकायची. म्हणजे पाठ झाल्यानंतरही आत काहीतरी चालू असतं आणि त्यात व्यत्यय आणता येतो, हे सव्वाशे वर्षांपूर्वी कळलं होतं. या पक्कं होण्याला शास्त्रात कन्सॉलिडेशन म्हणतात.

पुढे मेंदूचा कुठला भाग हे करतो ते कळलं एका माणसाच्या फार मोठ्या नुकसानीतून. अमेरिकेत हेन्री मोलायसन नावाचा तरुण होता, त्याला अपस्माराचे झटके यायचे, औषधांनी काही होईना. १९५३ मध्ये तो २७ वर्षांचा असताना विल्यम स्कोविल या सर्जनने त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा आतला भाग काढला, त्यात हिप्पोकॅम्पस नावाच्या अवयवाचा बराचसा भाग गेला. झटके कमी झाले, बुद्धी तशीच राहिली, बोलणं-चालणं व्यवस्थित, पण त्या दिवसानंतर त्याच्या डोक्यात नवीन घटनांची आठवण तयार होणं जवळजवळ बंद झालं. ब्रेंडा मिलनर या बाईंनी त्याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला, आणि दर वेळी त्या त्याला नवीनच वाटायच्या. एखादा आकडा दिला तर तो मनात घोळवत राहीपर्यंत त्याला यायचा, लक्ष दुसरीकडे गेलं की आकडाही गेला आणि कोणी आकडा दिला होता हेही गेलं. पण लहानपणचं त्याला आठवायचं! ऑपरेशनच्या आधीच्या काही वर्षांचं धूसर आणि त्याच्या मागचं बरंचसं शाबूत. यातून समजलं की जुन्या आठवणी काही हिप्पोकॅम्पसमध्ये कायमच्या राहत नाहीत, नवीन आठवण सुरुवातीला त्याच्या आधाराने उभी असते आणि हळूहळू, कित्येक दिवसांत, महिन्यांत, वर्षांतसुद्धा, मेंदूच्या बाहेरच्या थरात म्हणजे कॉर्टेक्समध्ये स्वतःच्या पायावर उभी राहते. हेन्री २००८ मध्ये गेले, तोपर्यंत त्यांचं नाव जगाने फक्त एच. एम. एवढंच ऐकलं होतं. ज्या माणसाला आपण काल काय केलं हे सांगता येत नव्हतं त्याच्यामुळे आठवणीबद्दल आपल्याला जेवढं कळलं तेवढं क्वचितच कोणामुळे कळलं असेल, मला वर्गात हे सांगताना दर वेळी भरून यायचं.

आणि एक, मिलनर बाईंनी त्यांना आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला दिली होती. रोज हात सुधारत गेला, पण रोज ते म्हणायचे की मी हे पहिल्यांदाच करतोय. म्हणजे हाताची शिकवण वेगळी आणि धड्याची आठवण वेगळी, दोन्हींच्या जागा वेगळ्या. स्कूटर चालवणं विसरत नाही आणि इतिहासातल्या सनावळ्या विसरतो त्याचं मूळ इथे आहे. परीक्षेचा बहुतेक मजकूर, व्याख्या, समीकरणं, सनावळ्या, हे सगळं हिप्पोकॅम्पसच्या खात्यातलं.

आता पेशीच्या पातळीवर काय होतं ते. दोन न्यूरॉन म्हणजे मेंदूतल्या पेशी जिथे भेटतात त्या जोडात, सायनॅप्समध्ये, बदल होतो. एरिक कँडेल यांनी समुद्री गोगलगायीवर, अॅप्लिशिया तिचं नाव, आयुष्यभर काम केलं, २०००चं नोबेल त्यांना त्याच्यासाठी मिळालं. थोड्या वेळापुरती आठवण असेल तर सायनॅप्समध्ये आधीच असलेल्या प्रोटीनमध्ये जरा फेरफार झाला तरी काम भागतं. पण आठवण टिकायची असेल तर निरोप पार पेशीच्या न्यूक्लियसपर्यंत म्हणजे केंद्रकापर्यंत जावा लागतो, जीन चालू व्हावे लागतात, नवीन प्रोटीन बनावं लागतं आणि त्यातून नवे जोड वाढावे लागतात. हे बसल्या बसल्या पाच मिनिटांत होत नाही. १९६०च्या दशकात मिशिगनला अॅग्रानॉफ यांनी गोल्डफिशवर प्रयोग केले होते, माशाला शिकवायचं आणि लगेच प्रोटीन बनणं थांबवणारं औषध द्यायचं, तर मासा शिकताना नीट शिकायचा पण काही दिवसांनी विसरलेला असायचा, आणि तेच औषध शिकवल्यानंतर साधारण तासाभराने दिलं तर काही बिघडायचं नाही. शिकणं एक आणि टिकणं दुसरं हे इतकं स्वच्छ दाखवणारा प्रयोग मला दुसरा माहीत नाही.

पण हे झालं पहिल्या काही तासांचं. हिप्पोकॅम्पसकडून कॉर्टेक्सकडे जे काम चालतं ते मुख्यतः रात्री, आणि माझा सगळा मुद्दा इथे आहे.

१९२४ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जेन्किन्स आणि डॅलेनबाख यांनी फक्त दोन विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. तसलीच निरर्थक अक्षरं, दहाची यादी, पाठ केल्यानंतर एकदा जागं राहायचं आणि एकदा झोपायचं, मग ठरावीक तासांनी विचारायचं. आठ तास जागं राहिलं तर दहातलं जेमतेम एखादं आठवायचं, आठ तास झोपलं तर निम्म्याच्या आसपास आठवायची. दोनच माणसं होती म्हणून कोणी नाक मुरडेल, पण नंतर पुष्कळ लोकांवर झालेल्या प्रयोगांतही झोपेचा फायदा दिसत आलाय. तेव्हा लोकांना वाटायचं की झोपेत नवीन काही कानावर पडत नाही म्हणून जुनं टिकतं, बास एवढंच. झोपेत मेंदू स्वतः काही करत असेल असं फार कोणाच्या मनात नव्हतं.

ते दिसलं उंदरांमध्ये. उंदीर एखाद्या जागेत फिरतो तेव्हा हिप्पोकॅम्पसमधल्या ठरावीक पेशी ठरावीक जागी पेटतात म्हणजे विजेचे संकेत सोडतात, या जागेच्या पेशी जॉन ओ'कीफ यांनी १९७१ मध्ये दाखवल्या आणि २०१४च्या नोबेलमध्ये त्यांचाही वाटा होता. १९९४ मध्ये विल्सन आणि मॅकनॉटन यांनी बघितलं की उंदीर फिरत असताना ज्या पेशी जोडीने पेटत होत्या त्याच जोड्या नंतर तो गाढ झोपल्यावर पुन्हा बरोबर पेटतायत. पुढच्या प्रयोगांत तर त्या पेटण्याचा क्रमही तोच सापडला, आणि तोही कितीतरी भरभर. म्हणजे दिवसभराचा अभ्यास मेंदू झोपेत स्वतःच पुन्हा पुन्हा म्हणून बघतोय. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा इतका आनंद झाला होता की मी ते स्टाफरूममध्ये भेटेल त्याला सांगत सुटले होते.

माणसांतही हे कळायचा एक सुंदर प्रयोग आहे. जर्मनीत ब्योर्न राश आणि यान बॉर्न वगैरेंनी २००७ मध्ये लोकांना पत्त्यांच्या जोड्यांच्या जागा शिकवल्या आणि शिकताना खोलीत गुलाबाचा वास ठेवला. रात्री ते गाढ झोपेत असताना पुन्हा तोच वास दिला, कोणी जागं झालं नाही, पण सकाळी जागा जास्त चांगल्या आठवल्या. स्वप्नांच्या झोपेत दिला तर फायदा नाही, शिकताना वास नव्हताच आणि रात्री दिला तरी फायदा नाही. नीट विचार करा, झोपलेल्या माणसाच्या नाकावर गेलेला नुसता एक वास जर आठवणीपर्यंत पोचत असेल, तर झोपलेल्या मुलाच्या कानावर तासन् तास आदळणारा डीजे कुठवर पोचत असेल.

गाढ झोपेत मेंदूत तीन तऱ्हेच्या लहरी एकमेकींत बसवलेल्या असतात. कॉर्टेक्सची मोठी संथ लहर, सेकंदाला एकापेक्षाही कमी. तिच्यावर मेंदूच्या आतल्या थॅलॅमस या भागाकडून येणारे स्पिंडल, म्हणजे लहरींचे छोटे झुबके, सेकंदाला साधारण १२ ते १५, अर्धा ते दोन सेकंद टिकणारे. आणि त्यांच्या आत हिप्पोकॅम्पसचे अगदी बारीक आणि वेगवान रिपल, ज्यांच्यात तो दिवसाचा उजळणीचा कार्यक्रम चालतो. या तिघींचा मेळ जितका बरोबर बसतो तितकी आठवण चांगली पक्की होते असं आजचं शास्त्र सांगतं. हे फार नाजूक वेळेचं काम आहे, सेकंदाच्या अंशाअंशाचं.

आणि ही गाढ झोप रात्रभर सारखी नसते. ती सगळ्यात जास्त झोपेच्या पहिल्या भागात असते, पहिल्या दोन-तीन चक्रांत, एक चक्र दीडेक तासाचं. साडेनऊ-दहाला झोपणाऱ्या मुलाच्या बाबतीत म्हणजे दहा ते एक. आपल्या बाराती आणि डीजेची वेळ कोणती? तीच. कोणी म्हणेल की मग एकला झोपा, गाढ झोप तेव्हा येईल, आणि ते खरंही आहे, पण पेपरला सातला घरातून निघायचं असतं, आई पाचला उठवते, मग शेवटचे तास कापले जातात. स्पिंडल फक्त गाढ झोपेत नसतात, मधल्या हलक्या झोपेत तर भरपूर असतात, आणि स्वप्नांची झोप जास्तकरून पहाटे असते, ती सगळी जाते. कुठूनही कापलं तरी तोटा.

अजून एक गैरसमज काढायला हवा. "आमचा मुलगा तर त्या गोंगाटातही झोपतो, त्याला काही फरक पडत नाही," हे मी इतक्या आयांच्या तोंडून ऐकलंय. कान झोपत नाही. आवाज आला की मेंदूत काही सेकंदांची जाग येते, हृदयाचे ठोके वाढतात, गाढ झोपेतला माणूस हलक्या झोपेत येतो आणि परत खाली जातो, आणि सकाळी त्याला यातलं काहीही आठवत नाही. रात्रभर हे कितीही वेळा होऊ शकतं. डोळे मिटलेले आहेत म्हणजे काम नीट चाललंय असं धरून चालू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाने २००९ मध्ये रात्रीच्या आवाजावर वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांनी घराबाहेर रात्रीची सरासरी ४० डेसिबलच्या वर जाऊ नये असं म्हटलंय. आपल्याकडच्या खिडक्या आणि आपल्याकडचे डीजे आठवून बघा.

शिवाय नुकसान तिथेच थांबत नाही. अपुऱ्या झोपेनंतर दुसऱ्या दिवशी हिप्पोकॅम्पस नवीन माहिती नीट घेत नाही, हे झोप न झालेल्या तरुणांच्या मेंदूचे स्कॅन करून दाखवलेलं आहे. म्हणजे कालचं पक्कं झालं नाही आणि आजचं नीट शिरतही नाही. घरचे म्हणतात लक्ष नाही, मोबाइल बघतो, मेहनत नको. मुलगा बिचारा अजून रात्री जागतो. भंवरकुआंच्या बाजूला त्या सेल्फ स्टडीच्या लायब्ऱ्या आहेत ना, तिथे रात्री दोन वाजता बसलेली मुलं बघून आईबापांना कौतुक वाटतं, मला काळजी वाटते. कोणी तरी या मुलांच्या मनात भरवलंय की चार तास झोपणारा सिलेक्ट होतो. असं सांगणाऱ्या माणसाने मुलांच्या मेंदूशी खेळ केलाय असं माझं स्पष्ट मत आहे.

मला एक प्रश्न नेहमी विचारतात की मग सिनेमाची गाणी एकदा ऐकून कशी लक्षात राहतात. एक तर ती एकदा ऐकलेली नसतात, रिक्षात, लग्नात, रीलवर, दिवसाआड कानावर पडत असतात, म्हणजे अंतर ठेवून उजळणी आपोआपच होते. आणि दुसरं, ज्याच्याशी भावना जोडली जाते त्या आठवणीला मेंदूतला अमिग्डाला म्हणून भाग आहे तो बळ देतो, त्या वेळी अंगात सुटणारी अॅड्रिनलिनसारखी द्रव्यं ती आठवण पक्की करायला मदत करतात. क्रेब्स सायकलला कोण टाळ्या वाजवणार. तिला झोपेचाच आधार.

आपल्या घरांमधून संध्याकाळी परवचा म्हणायची पद्धत होती, दिवा लावला की पाढे, पावकी, निमकी, सगळं मोठ्याने आणि पुस्तक न बघता. ते म्हणून जेवण, आणि जेवून झोप. मला वाटतं आपल्या आजोबा-पणजोबांना हिप्पोकॅम्पस माहीत नसेल पण पद्धत अगदी अचूक होती. रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी २००६ मध्ये कॉलेजच्या मुलांवर दाखवलं की उतारा परत परत वाचणारी मुलं पाच मिनिटांनी पुढे असतात, पण आठवड्याने विचारलं तर पुस्तक बंद करून आठवून बघणारी मुलं पुढे जातात. आणि त्याच्याही आधी, २००० मध्ये, करीम नादर आणि जोसेफ लडू वगैरेंनी उंदरांत दाखवलं होतं की पक्की झालेली आठवण जागी केली की ती थोडा वेळ पुन्हा कच्ची होते आणि तिला परत पक्कं व्हायला नव्याने प्रोटीन बनावं लागतं. म्हणून शेवटच्या रात्री सगळं ढवळून काढायचं आणि मग झोपायचंच नाही, हे तर मला सगळ्यात वाईट वाटतं. वरच्या मुलीला मी आता ती परवचाचीच पद्धत लावलीय, आठला वही मिटायची, मला म्हणून दाखवायचं, अडलं तर बघायचं, दिवसाआड परत विचारायचं. ती ऐकतेही. पण त्यानंतर तिला शांत रात्र मी कुठून आणून देऊ? ते काही माझ्या हातात नाही.

ते ज्यांच्या हातात आहे त्यांच्यासाठी आता शेवटचं. कायदा नवीन करायचा नाहीये. केंद्राचे ध्वनी प्रदूषण नियम २०००चे आहेत, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर नाही, रहिवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल, आणि हॉस्पिटल, शाळा, कोर्टाच्या १०० मीटरमधल्या शांतता क्षेत्रात ४०. डेसिबलचा हिशोब सरळ नसतो, दहाने वाढला की आवाजाची ऊर्जा दहापट होते, म्हणजे ४५च्या जागी ८५ झाले तर ती दहा हजारपट होते, जरा जास्त म्हणून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नव्हे. राज्य सरकार सण-समारंभासाठी वर्षातून फार तर १५ दिवस रात्री १२पर्यंत सूट देऊ शकतं, पण ती सार्वजनिक सांस्कृतिक आणि धार्मिक उत्सवांसाठी आहे, प्रत्येक लग्नासाठी नाही. वर आपल्या मध्यप्रदेशचा स्वतःचा कोलाहल नियंत्रण अधिनियम १९८५ पासून आहे आणि परीक्षेच्या काळात त्याखाली आदेशही निघतात. कागदावर सगळं आहे. प्रत्यक्षात पोलिसांना फोन केला तर एक गाडी येते, आवाज जरा कमी होतो, गाडी वळली की परत तेच.

मी लग्नाच्या विरोधात नाही. आमच्याही मुलांची लग्नं अशाच गार्डनमध्ये झाली, वरात निघाली, आम्ही नाचलोही. संध्याकाळी सहाला सुरू करून दहाला थांबवलं तर कोणाचं काय बिघडतं, उलट पाहुणे वेळेवर जेवतात. मुहूर्त काही डीजेचा नसतो. आणि यजमानाची एक रात्र असते हो, गार्डनच्या शेजारी राहणाऱ्याची प्रत्येक मुहूर्ताची रात्र असते, सीझनमध्ये ओळीने.

माझी सूचना सोपी आहे. नगर निगम ज्या गार्डनला परवानगी देतं तिच्या गेटवर आवाज मोजायचं मशीन आणि मोठा डिस्प्ले लावणं सक्तीचं करावं, जो रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसेल, आणि दहानंतर नियम मोडला तर दंड डीजेवाल्या पोरांना नको, गार्डनच्या मालकाला व्हावा, दुसऱ्यांदा मोडला तर त्या सीझनची परवानगी जावी. २०१७ मध्ये देशात स्वच्छतेत पहिला नंबर आल्यानंतर या शहराने तो वर्षानुवर्षं टिकवून दाखवला, ओला-सुका कचरा वेगळा करायची सवय घराघरात लागली ती दंड आणि समजूत दोन्हींमुळे लागली. इथेही तेच करावं लागेल. वसतीत येणाऱ्या नवीन गार्डनना तर बंद हॉल असल्याशिवाय परवानगीच देऊ नये असं माझं मत, यावर कोणाला राग आला तरी चालेल.

आणि एक विनंती आपल्याला, संपादक साहेब. आपण दर वर्षी बोर्डाच्या परीक्षेचं टाइमटेबल छापता, मुलं ते कापून भिंतीला चिकटवतात. या वर्षी त्याच चौकटीत खाली रात्री १० ते ६चा नियम आणि ज्या नंबरवर तक्रार घेतली जाते तो नंबरही छापावा. आणि परीक्षा संपेपर्यंत रोज कुठल्या भागातून किती तक्रारी आल्या आणि त्यांचं पुढे काय झालं हेही पोलिसांकडून विचारून छापत राहावं.

आपली,
एक निवृत्त बायोलॉजी शिक्षिका,
सुदामानगर, इंदूर